राहिलेले ४२४ मीटर

इंदूरची उंची जेमतेम साडेपाचशे मीटर. तिथे वाढलेल्या मला शाळेपासून एकच वेड होतं, एव्हरेस्ट बेस कॅम्प. नोकरी आणि घराचे हप्ते यांत वीस वर्षं गेली. गेल्या ऑक्टोबरात अखेर निघालो.

लुक्लाहून चालत नामचे बाजार (३४४० मीटर), मग डिंगबोचे (४४१०). दोन्हीकडे दोन-दोन रात्री मुक्काम. मधल्या दिवशी उंच चढायचं आणि झोपायला खाली यायचं. विरळ हवेची सवय अशीच होते.

डिंगबोचेलाच माझं डोकं दुखू लागलं होतं. परत पाठवतील म्हणून गाइडला सांगितलं नाही. लोबुचेला (४९४०) पोचलो तेव्हा उलट्या सुरू झाल्या. गाइडने एका पावलाला दुसरं चिकटवून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला तोल गेला.

"आत्ताच खाली," तो म्हणाला. मेंदूला सूज येत असल्याची ती खूण, आणि त्यावर खरा उपाय खाली उतरणं हाच.

टॉर्चच्या उजेडात, त्याच्या खांद्याचा आधार घेत, थुकला खिंडीतली गिर्यारोहकांची स्मारकं ओलांडून फेरीचेला आलो. तिथे उंचीच्या आजारांचा दवाखाना आहे. सकाळी डोकं हलकं झालं. समोर आमा दबलम उन्हात चमकत होता.

बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. माझे ४२४ मीटर राहिले. मित्रांनो, जाल तेव्हा दोन दिवस जास्तीचे ठेवा, आणि डोकं दुखलं तर लपवू नका.

मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, पोचलास?"

"नाही गं, घरी येतोय."