पातळ कुरळे केस आणि मूठभर जवस

गेल्या जानेवारीत जवसाच्या प्लॉटवर शिवारफेरी झाली. शेत निळ्या फुलांनी भरले होते. चहाला टेकलो तेव्हा घरच्या वहिनींनी हळूच विचारले, "साहेब, पिकाला औषध सांगता, तसं आमच्या पोरीच्या केसांना काही सांगा ना."

मुलगी कॉलेजात जाणारी. केस कुरळे, पण रेशमासारखे बारीक. तेलाने टाळूला चिकटलेले, शेंडे मात्र वाळल्या गवतासारखे. मैत्रिणी चिडवतात म्हणून ती स्कार्फ काढत नसे. मी पिकांचा माणूस. पण माझ्या घरीही दोघी कुरळ्या केसांच्या आहेत, आणि अर्धे उत्तर समोरच्या शेतातच उभे होते.

टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडते. म्हणून मूळ तेलकट आणि शेंडा कोरडा. त्यात आई रोज वाटीभर तेल थापते. बारीक केसाला तो भार पेलत नाही, तो आडवा पडतो, आणि आहेत तेही केस निम्मे दिसतात. तेल हवेच, पण न्हाण्याआधी तासभर, चमचा-दोन चमचे खोबरेल, तेही जास्त करून शेंड्यांना.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. त्यातले क्षार आणि साबण मिळून चिकट साका होतो व केसांवर बसतो. तेथे अंगाचा साबण डोक्याला लावूच नये. शिकेकाई-रिठ्याचा असा साका होत नाही. मात्र पूड वस्त्रगाळ हवी. भरड पुडीने बारीक केस तुटतात. रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात पागोळीचे पाणी मिळते. पहिल्या सरींचे सोडून पुढचे धरा.

आता जवस. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळावे. पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की उतरवून गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. थंड झाले की गाळले जात नाही, हा आमच्या घरचा अनुभव! न्हाल्यावर केस ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने शेंड्याकडून वर विंचरावे, हा बुळबुळीत रस चमचाभर तळहातावर घेऊन लावावा, डोके खाली वाकवून केस मुठीने वर दाबावेत आणि तसेच वाळू द्यावेत. वाळल्यावर फणी घालू नये, नुसती बोटे फिरवावीत. वळ्या उभ्या राहतात, केस भरदार दिसतात. रस दोन-तीन दिवसांवर ठेवू नये.

एक सांगतो, ते विसरू नका. जवस घरचे किंवा किराणा दुकानातले घ्या. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बियाणे औषध चोळलेले असते. ते डोक्याला काय, हातालाही नको. आणि जवसाचे तेल केसांना लावू नका. ते हवेने वाळून चिकट पापुद्रा धरते, म्हणून तर ते रंगात घालतात.

मुंडण केले की केस दाट येतात असे म्हणतात. ऊस तोडला की खोडव्याला फुटवे येतात, पण केसाला येत नाहीत. मुळे तेवढीच राहतात. विरळ झालेले शेंडे दोन बोटे कापले तर मात्र उरलेले दाट दिसतात. भांगही अधूनमधून दुसऱ्या बाजूला पाडावा, आणि वेणी ओढून घालू नये.

हे झाले दिसण्याचे. आधी दाट असलेले केस अचानक विरळ होऊ लागले तर रस लावून भागत नाही. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. पण अंगात रक्त कमी असेल तर गळ थांबत नाही. म्हणून मी वहिनींना म्हटले, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहून या. ते 12 च्या वर हवे. मुलीचे 9 निघाले. पाळीत अंगावरून फार जाते, हे तिने आईलाही सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीचे औषधही चालू केले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जूनमध्ये पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा कपाळापाशी दोन पेरांचे नवे केस दिसत होते. स्कार्फ होता, पण गळ्यात.