स्पीकर डोळ्यांनी नव्हे, कानांनी पारखा

कापड घेताना आपण ते बोटांत चुरगाळून पाहतो. लाकूड घेताना टकटक करून पाहतो. अत्तर मनगटावर लावले की थोडा वेळ थांबतो, कारण पहिला दरवळ खरा नसतो हे आपल्याला ठाऊक असते. स्पीकर घेताना मात्र पुष्कळसे गिऱ्हाईक खोक्यावरचा आकडा वाचते, दोन मिनिटे मोठ्या आवाजात एक गाणे ऐकते आणि पैसे मोजते. घरी आणल्यावर आठ दिवसांत लक्षात येते की दुकानात दणदणीत वाटलेला आवाज घरात नुसता घुमतो आहे आणि गाण्याचे शब्दच कळत नाहीत. दुकानदाराकडे जावे तर माल नादुरुस्त नाही, त्यामुळे तो परत घेत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून स्पीकर पारखावा कसा, हे घेणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि पेटी बनवणाऱ्या कारागिरानेही समजून घेतले पाहिजे.

वॉटचा आकडा किती खरा?

स्वस्त संचांवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. हा आकडा कसा मोजायचा याचे कोणतेही सर्वमान्य माप नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा छापता येतो. खरी गोष्ट संचाच्या मागच्या पट्टीवर असते. तिथे संच किती वीज घेतो ते लिहिलेले असते. जो संच ४० वॉट वीज घेतो, तो सतत ४० वॉटपेक्षा जास्त शक्ती बाहेर देऊ शकत नाही, हा साधा हिशेब आहे. विचारायचेच असेल तर ‘आरएमएस’ वॉट किती, ते विचारावे.

त्याहून महत्त्वाचा आकडा आहे तो सेन्सिटिव्हिटीचा. एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, ते या आकड्यावरून कळते. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये जेवढा वाजेल, तेवढे वाजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॉट लागतील. स्पीकरवर जास्त खर्च करायचा की अ‍ॅम्प्लिफायरवर, याचा निर्णय या एका हिशेबावर होतो.

तिसरा आकडा ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘८ ओहम’ लिहिले असेल आणि आपण त्याला ४ ओहमचा स्पीकर लावला, तर त्याच्यावर जास्त भार पडतो. मोठ्या आवाजात तो तापतो, प्रसंगी जळतोही. तेव्हा जोड जमते की नाही ते आधी पाहावे.

ऐकण्याची रीत

दुकानात जाताना आपल्या पूर्ण ओळखीच्या चार-पाच ध्वनिमुद्रिका बरोबर न्याव्यात. दुकानदार जी वाजवून दाखवतो, ती त्या स्पीकरवर उठून दिसणारी म्हणूनच निवडलेली असते. पहिली मुद्रिका नुसत्या माणसाच्या आवाजाची असावी. वाद्यांशिवाय म्हटलेली नात, गझल किंवा बातम्याही चालतील. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत. तो नाकातून आल्यासारखा किंवा डब्यात बोलल्यासारखा वाटला, तर पुढे ऐकण्याचे कारणच नाही. दुसरी मुद्रिका कव्वालीची असावी. टाळ्या टाळ्यांसारख्या सुट्या ऐकू येतात की पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या, ते पाहावे. तिसरी ढोलकी किंवा तबल्याची असावी. डग्ग्याचा घुमारा सुरू होऊन जागच्या जागी थांबला पाहिजे. प्रत्येक थापेला एकाच सुरातला ‘धुम्म’ येत असेल तर तो आवाज डग्ग्याचा नाही, पेटीचा आहे.

दोन जोड्यांची तुलना करताना सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीने होते. दोहोंपैकी जो थोडा जरी मोठा वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. फरक एक-दोन डेसिबलचा असला तर तो मोठा आहे हे कळतही नाही, फक्त ‘बरा’ वाटतो. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे अ‍ॅप मिळते. मोबाइल एकाच जागी ठेवून, एकच ध्वनी दोन्ही जोड्यांवर वाजवून पातळी सारखी करून घ्यावी आणि मगच तुलना करावी. अ‍ॅम्प्लिफायरची खर्ज आणि टीप वाढवण्याची बटणे मधोमध ठेवावीत.

घाई करू नये. टिपेचा आवाज वाढवलेला स्पीकर पहिली पाच मिनिटे झगमगीत वाटतो आणि अर्ध्या तासाने डोके दुखवतो. म्हणून घरी जेवढ्या आवाजात ऐकणार तेवढ्याच आवाजात निदान वीस-तीस मिनिटे ऐकावे. अगदी मंद आवाजातही शब्द स्पष्ट राहतात का, तेही पाहावे. चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला रात्री हाच गुण उपयोगी पडतो.

डोळे कानांना फसवतात

१९९४ साली अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तेच स्पीकर तेच श्रोते बसवून दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा समोर दिसतील असे. स्पीकर दिसू लागताच श्रोत्यांचे गुण बदलले. आकार, नाव आणि किंमत यांनी कानांचा निकाल फिरवला, आणि ऐकण्यात मुरलेले लोकही त्यातून सुटले नाहीत. आपण दुकानात पडदा लावू शकत नसलो, तरी डोळे मिटून बसता येते. सोबत आलेल्याला स्पीकर बदलायला सांगावे आणि कोणता वाजतो आहे ते विचारू नये. दोन-तीन फेऱ्यांत एकाच जोडीकडे कौल गेला, तर ती जोडी आपली.

घरची खोली हीसुद्धा स्पीकरचाच भाग

दुकानात गालिचा, सोफे, पडदे असतात. आपल्या घरी टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असतात. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. ‘टर्रर्र’ असा प्रतिध्वनी आला, तर तिथे टिपेचा आवाज कर्कश होणार. जाजम, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट यांनी तो बराच शमतो.

खर्जाचे गणित मात्र भिंतींच्या अंतराशी आहे. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल, तर तिथे सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर खोलीच फुगवते. त्यातच स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज आणखी वाढतो. म्हणून १० बाय १२ च्या खोलीत प्रचंड वूफरच्या नादी लागू नये. मध्यम आकाराची जोडी भिंतीपासून फूटभर पुढे ठेवावी. दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येकापासून आपले अंतर साधारण सारखे असावे. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. गादीवर, जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांसाठी ही उंची अडीच फुटांच्या आसपास येते, हे स्टँड बनवून घेताना विसरू नये. दुकानदार ओळखीचा असेल तर अनामत ठेवून एका रात्रीसाठी जोडी घरी मागावी. दुकानातल्या दहा फेऱ्यांपेक्षा ती एक रात्र अधिक शिकवते.

घरी जोडताना लाल तार लालला आणि काळी काळ्याला, हे दोन्ही बाजूंना तपासावे. एका बाजूची उलटी झाली तर खर्ज गायब होतो आणि चांगला स्पीकर विनाकारण बदनाम होतो.

जुना माल घेताना

लॅमिंग्टन रोडवर काय किंवा इतर जुन्या बाजारांत काय, चांगल्या स्पीकरची जुनी जोडी कमी पैशांत मिळू शकते, पण पाहून घ्यावी. कोनाच्या कडेचा फोम दमट हवेत काही वर्षांत कुजतो, रबराची कड जास्त टिकते. कोन चारही बाजूंनी बोटांनी सारखा, हलकेच दाबावा. खरखर आली तर आतली कॉइल घासते आहे. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटली आहे.

कारागिरांसाठी

सुतारकाम करणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधूंकडे पेट्यांची कामे येतात. ‘अशीच बनवून द्या’ म्हणून गिऱ्हाईक नमुना दाखवते. बाहेरचे माप उतरवून पेटी तशीच दिसेल, पण तशी वाजेल असे नाही. आतल्या हवेचे आकारमान त्या विशिष्ट स्पीकरला जुळावे लागते. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात हे गणित बसवून दिले. आज स्पीकरबरोबर येणाऱ्या कागदावर थील-स्मॉलचे आकडे असतात आणि पेटीचे माप काढून देणारी अ‍ॅप फुकट मिळतात. बंद पेटी गरजेपेक्षा लहान झाली की आवाज फुगतो आणि खोल खर्ज जातो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरावा, मोठ्या बाजूंना आतून आडवी पट्टी द्यावी, सांधे गोंदाने पक्के बुजवावेत. शेवटी बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पेटी वाजली नाही पाहिजे, वाजायचे काम स्पीकरचे आहे.

पावती आणि पत

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे हीदेखील. पण ‘आवाज आवडला नाही’ हा मालातला दोष नव्हे. तिथे कायद्याचा आधार मिळत नाही, आधी नीट ऐकलेलेच कामी येते.

दुकानदार बंधूंनी याचा उलट विचार करावा. दुकानाचा एक शांत कोपरा, दोन स्टँड, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाला अर्धा तास, एवढे दिले तरी पुष्कळ. त्याची खोली किती मोठी, तो काय ऐकतो, हे आधी विचारावे आणि लहान जोडी पुरेशी असेल तर तसे सांगावे. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल, पण तेच गिऱ्हाईक उद्या भावाला घेऊन येईल.