खुर्ची वळते कशी?

मुदखेडच्या शिवारात बैलगाडी वळताना नीट बघा. आतला बैल जवळजवळ थांबतो, बाहेरचा पुढे चालतो. रोबोटच्या सुट्या भागांतून केलेली चालती खुर्ची अशीच वळते. डाव्या-उजव्या चाकाला वेगळी मोटार. स्टिअरिंग लागतच नाही. एक चाक पुढे, दुसरं मागे फिरवलं, की खुर्ची जागच्या जागी गरकन फिरते. छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, पण तिच्यात जोर कमी. गिअर लावून वेग दहापट उतरवला, की जोर जवळपास दहापट चढतो. त्या जोरावरच माणसाचं वजन हलतं. वेगाचंच म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात २०११ साली अशाच एका चालत्या सोफ्याने ताशी १६३ किलोमीटर गाठले. मला मात्र सांगलीतल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार थोर वाटतात. त्यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप उभी केली.