कार्ल्याची छत्री, जपानचा वासा

पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मागे टाकत मळवलीला पोहोचते. तिथून जवळच्याच डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच अशा या दालनाच्या छताला लाकडी कमानदार फासळ्या आहेत. कातळाला त्यांच्या आधाराची गरज नाही. पण कोरणाऱ्यांपुढे नमुना होता तो लाकडी इमारतीचा. व्हरांड्याच्या भिंतींत हत्तींच्या पाठीवर मजल्यावर मजले कोरले आहेत. आतल्या स्तूपावरची लाकडी छत्रीही टिकून आहे.

स्तूपाचा हाच प्रकार बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे जपानला गेला आणि तिथल्या बहुमजली लाकडी पॅगोड्यांचा पूर्वज ठरला. पॅगोड्याच्या माथ्यावरच्या धातूच्या कळसात स्तूपाचा उपड्या वाडग्यासारखा घुमट (अंड) आणि त्यावरची छत्र्यांची चळत आजही ओळखू येते.

मधला खांब सोडला तर या पॅगोड्यांचे खांब तळापासून माथ्यापर्यंत सलग नसतात. वरच्या मजल्याचे खांब खालच्या मजल्याच्या लाकडांवर, थोडे आत सरकवून उभे करतात. म्हणून प्रत्येक मजला अरुंद होत जातो. किती अरुंद, हे प्रमाणाने ठरते. नारा शहराजवळच्या होर्युजीच्या सुमारे ३२ मीटर उंच पॅगोड्यात पाचव्या मजल्याची बाजू पहिल्याच्या निम्मी आहे. त्याच्या मधल्या खांबाचे झाड इ.स. ५९४मध्ये तोडल्याचे वाढवलयांवरून कळले.

पुढे दोन वाशांमधले अंतर हेच माप झाले. वरच्या मजल्याची रुंदी ठरावीक वाशांनी कमी करायची, तोड्यांची, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी आधारांची, रुंदी सहा वाशांशी जुळवायची. त्यामुळे वासे, तोडे आणि खांब एका रेषेत येतात. हेइनोउची या सुतार घराण्याने १६०८च्या सुमारास ‘शोमेई’ या ग्रंथात असे नियम नोंदवले. खांबांमधल्या अंतरावरून खांबाची जाडी आणि त्या जाडीवरून बाकीच्या लाकडांची मापे काढायची. इमारत लहान असो वा मोठी, गुणोत्तरे तीच.

चाकणच्या कारखान्यात ड्रॉइंग वाचणाऱ्याला यातले शहाणपण लगेच उमजेल: एक माप पक्के केले की वेगवेगळ्या हातांनी घडवलेले भाग नेमके जुळतात. जपानी सुतारांनी ते ज्ञान ग्रंथात जपले. आपल्याकडच्या, कार्ले कोरले त्या काळच्या लाकडी इमारती उरल्या नाहीत. त्यांची रचना कार्ल्याच्या दगडात उरली आहे. तिथे जाल तेव्हा मान वर करून त्या फासळ्या आणि ती छत्री जरूर पाहा. आपल्या सुतारांच्या कामाचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे.