पडलेल्या घराचा उत्पादक कोण?

कल्याणहून येणारा रस्ता जिथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो, तो शीळफाटा. 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी तिथली एक इमारत कोसळली आणि 74 माणसे मरण पावली. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते. बांधकामाला परवानगी नव्हती, तरी खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. त्यांत याच इमारतीवर काम करणारे मजूर आणि त्यांची मुलेबाळेही होती. पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले.

फौजदारी खटल्यात प्रश्न असतो शिक्षेचा. जखमी माणसाचा प्रश्न वेगळा असतो: माझे नुकसान कोण भरून देणार? प्रेशर कुकर फुटून हात भाजला तर आपण हेच विचारू. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर ती बनवणाऱ्याने व विकणाऱ्याने भरपाई द्यावी, या तत्त्वाला कायद्यात 'उत्पादन दायित्व' म्हणतात. मग घराचे काय? घर ही कुकरसारखी वस्तू मानायची का?

या तत्त्वाची सुरुवात एका गोगलगायीपासून झाली असे म्हणतात. 1928 साली स्कॉटलंडमधील पेझ्ली गावात एका बाईने मैत्रिणीने विकत घेतलेले आल्याचे पेय प्यायले. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि ती आजारी पडली, असे तिचे म्हणणे होते. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती. त्यामुळे दुकानदाराशी तिचा करार नव्हता आणि उत्पादकाशी तर नव्हताच. तरीही 1932 साली लंडनच्या वरिष्ठ सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले, की जो माणूस शेवटी वस्तू वापरणार त्याची काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. (बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले.)

आपल्याकडे 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली दुरुस्ती होऊन घरबांधणी 'सेवा' म्हणून आली. 2019 च्या नव्या कायद्यात उत्पादन दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते जुलै 2020 पासून लागू झाले, म्हणून शीळफाट्याच्या घटनेला लागू होत नाही. त्यातली एक व्याख्या वाचण्यासारखी आहे. स्थावर मालमत्ता विकणारा 'वस्तूचा विक्रेता' नव्हे, असे ती आधी सांगते आणि लगेच अपवाद करते: घरे किंवा सदनिका बांधणारा व बांधलेली घरे विकणारा मात्र त्यात येतो. म्हणजे कुकरवाला आणि बिल्डर एका रांगेत आले.

दोष म्हणजे नेमके काय? कायदा मुख्यतः तीन प्रकार मानतो: आराखड्यातला दोष, निर्मितीतला दोष आणि पुरेशी सूचना न देण्याचा दोष. मी वकील नव्हे, पदार्थांच्या ताकदीचा अभ्यास करणारा माणूस आहे. त्यामुळे मला दुसऱ्या प्रकारात जास्त रस.

निर्मितीतला दोष म्हणजे वस्तू ठरलेल्या मापात न उतरणे. काँक्रीटपुरते हे माप अगदी स्पष्ट आहे. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी भारतीय मानकानुसार किमान प्रत 'एम 20' लागते. याचा अर्थ असा, की 15 सेंटीमीटर बाजूचा ठोकळा 28 दिवसांनी दाबयंत्रात ठेवला तर त्याने सुमारे 45 टन भार पेलला पाहिजे. आता मिस्त्री काय करतो ते बघा. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम 12 लिटर पाणी पुरते. माल नीट कालवता यावा म्हणून आपण साधारण 25 लिटर घेतो. माल पटकन पसरावा म्हणून आणखी दोन बादल्या ओतल्या, की हे जादा पाणी पुढे वाळून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. ताकद घटते, पण वरून गिलावा केला की डोळ्यांना काही दिसत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे घाई. सात दिवसांत काँक्रीटला 28 दिवसांच्या ताकदीच्या अदमासे दोनतृतीयांश ताकद येते, तीही रोज पाणी मारले तर. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस ठेवावेत, असे मानक सांगते. काही महिन्यांत सात मजले चढवायचे तर हे दिवस कुठून काढणार?

उत्पादकाच्या बाजूनेही एक बचाव आहे. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्यावर दायित्व येत नाही. घर मोठे दिसावे म्हणून खांब तोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. शिवाय 'हानी' या शब्दात माणसाची इजा, मृत्यू आणि इतर मालमत्तेचे नुकसान येते. खुद्द सदोष वस्तूची किंमत येत नाही. सदनिकेचे पैसे परत मागायचे तर तो तक्रारीचा वेगळा भाग. तक्रारीची मुदत दोन वर्षे.

पण यासाठी समोर कोणीतरी असावे लागते. कुकरवर कंपनीचे नाव असते, मानक चिन्ह असते, पावती असते. परवानगी असलेल्या इमारतीला मंजूर नकाशा आणि सही करणारा अभियंता असतो. 2017 पासून बऱ्याचशा प्रकल्पांना महारेराचा नोंदणी क्रमांकही असतो, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधणीतला दोष दिसला तर तो विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. अनधिकृत इमारतीत यातले काहीच नसते. ती स्वस्त पडते, त्याचे हेही एक कारण.

मजुराच्या मुलाचे काय? ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा किंवा त्याच्या संमतीने ती वापरणारा. ठेकेदाराने अर्धवट मजल्यावर झोपायला जागा दिलेले कुटुंब या व्याख्येत बसवणे कठीण. खुद्द मजुरासाठी त्या वेळी 1923 चा कामगार भरपाईचा कायदा होता, पण तो कामावर झालेल्या अपघातापुरता. मुलासाठी दिवाणी न्यायालयाची वाट उरते; बाटली विकत न घेतलेल्या त्या बाईने उघडली तीच. तिथे बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. त्यासाठी ढिगाऱ्यातल्या खांबाचा एखादा तुकडा मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पोचायला हवा. आत अडकलेल्यांना काढण्यासाठी तोच ढिगारा रातोरात उपसावा लागतो.