तेलविहिरीचा नळ धरावा कसा?

विहिरींत घागर सोडतांना आपण दोराचा फास तिच्या गळ्याला, कांठाखालीं अडकवितों. भरल्या घागरीचें वजन तो कांठ पेलतो; तिचें पोट आवळून धरण्याची गरज कोणास वाटत नाहीं. खनिज तेलाच्या विहिरींत सोडावयाचा नळ नेहमींच असा धरतां आला असता, तर आजचा हा विषयच उद्भवला नसता. परंतु ती विहीर हजारों मीटर खोल. तेवढा अखंड नळ मिळत नाहीं. म्हणून सुमारें नऊ-नऊ मीटरांचे पोलादी तुकडे आट्यांनीं एकास एक जोडीत जावें लागतें. नवा तुकडा जोडतांना वरची उचलण्याची पकड सोडवावी लागते. तेवढा वेळ खालीं लोंबणारी सारी माळ विहिरीच्या तोंडाशींच धरून ठेवावयाची असते.

हा भार केवढा? खोदकामांत नित्य वापरला जाणारा पांच इंची नळ घेतला, तर ३,००० मीटर लांबीची माळ हवेंत सुमारें ९० टन भरते. विहिरींतील चिखलाच्या द्रवानें तो कांहींसा हलका होतो, इतकेंच. आणि या नळाच्या भिंतीची जाडी? अवघी ९ मिलिमीटरांच्या आसपास.

तो धरण्याची युक्ति सुताराच्या पाचरीचीच आहे. विहिरीच्या तोंडाशीं आंतून खालीं निमुळतें होत जाणारें एक कडें असतें. त्याच्या व नळाच्या मधील फटींत नळाला चोहोंकडून वेढणाऱ्या पाचरी सोडतात. त्यांच्या आंतल्या अंगास कानशीसारखे दांत असतात. नळ आपल्या भारानें खालीं सरकूं लागला कीं पाचरीहि ओढल्या जातात व त्याला अधिकाधिक आवळतात. पाचरींची पाठ वंगणानें गुळगुळीत असल्यास हा आडवा दाब टांगलेल्या भाराच्या जवळजवळ चौपट होतो. पाचरी आखूड असल्या किंवा सर्व बाजूंनीं सारख्या बसल्या नाहींत, तर नळ चेपतो.

चेपलेला नळ निदान मोजून तरी कळतो. त्याहून कपटी शत्रु म्हणजे दांतांचा व्रण. कांच कापणारा कारागीर हिऱ्यानें बारीक रेघ ओढून हलकाच दाब देतो, आणि कांच नेमकी त्या रेघेवर तुटते. पोलाद कांचेइतकें ठिसूळ नाहीं. तथापि खांचेच्या तळाशीं ताण एकवटतो, हा नियम त्यासहि लागू आहे. वांकड्या विहिरींत नळ फिरूं लागला म्हणजे त्याची प्रत्येक बाजू दर फेऱ्यास एकदां ताणली व एकदां दाबली जाते. मिनिटास १०० फेरे धरले, तर तासास ६,००० वेळां! जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनीं १८७० पर्यंत आगगाडीच्या आंसांविषयीं केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिलें कीं, एकदां सहज सोसवणारा ताणहि पुनःपुन्हां दिल्यास धातु तुटतो. अशी चीर बहुधा पृष्ठभागावरील खांचेपासूनच सुरू होते. त्यांतहि आडवा ओरखडा उभ्यापेक्षां घातक. म्हणून पाचरींत धरलेला नळ फिरूं देऊं नये.

तेल वर आणणारे क्रोमियमयुक्त पोलादाचे नळ तर याहून नाजूक. त्यांचें गंजापासून रक्षण करणारा थर अत्यंत पातळ असतो. साध्या पोलादाच्या दांतांनीं तेथें खांच पडून लोखंडाचे कण रुतले, तर खाऱ्या पाण्यांत त्याच जागीं गंज धरूं शकतो.

मग उपाय काय? पहिला घागरीचाच: सांध्याजवळ नळाला जाड खांदा असतो, शक्य तेथें भार त्यावर पेलावा. जेथें अंगच धरावें लागतें, तेथें पाचरी लांब घ्याव्या व दांत बारीक आणि पुष्कळ असावे, म्हणजे भार वांटला जाऊन कोणताहि दांत खोल रुतत नाहीं. नाजूक नळांसाठीं दांतांऐवजीं कठीण, खरखरीत कणांचा थर वापरून केवळ घर्षणावर पकड घेतात. मात्र तेथें नळावर तेल किंवा चिखल राहिला, तर पकड सुटून सारी माळ विहिरींत जाईल. तिसरा उपाय कामाच्या शिस्तीचा: नळ पूर्ण थांबल्यावरच पाचरी बसवाव्या, धांवता नळ थांबविण्यास त्यांचा उपयोग कधींहि करूं नये.

मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रांत १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ या समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या खोदमंचानें तेल शोधलें. अशा ठिकाणीं तुटलेला नळ म्हणजे तळाशीं अडकलेलें हत्यार, तें बाहेर काढण्यांत जाणारे दिवस, आणि कधीं कधीं सोडून द्यावी लागणारी विहीर. हें सारें नखाएवढ्या व्रणापासून सुरू होऊं शकतें. म्हणून नळ सुटला नाहीं, एवढ्यावर पकड चांगली ठरत नाहीं. पाचरी काढल्यावर नळाचें अंगहि पुसून पाहावें लागतें.