उभी राहिलेली पद्मिनी

महाराष्ट्रात अजून कितीतरी प्रीमियर पद्मिनी नुसत्या उभ्या आहेत. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या आवारात, पुण्यात बंगल्यामागच्या पत्र्याखाली, कोल्हापूर-सोलापूरकडे एखाद्या बंद गॅरेजात. वडिलांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतलेली गाडी, म्हणून विकवत नाही. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, म्हणून हिला कोणी बाहेर काढत नाही. मग कधीतरी घरात लग्न निघतं, किंवा परदेशातला मुलगा सुट्टीवर येतो आणि म्हणतो, ‘‘बाबांची फियाट चालू करू या.’’ नवी बॅटरी येते, किल्ली फिरते, सेल्फ घरघरतो, इंजिन काही धरत नाही. पुन्हा सेल्फ, पुन्हा सेल्फ. इतकी वर्षं उभं राहून गाडीचं जेवढं बिघडलेलं नसतं, तेवढं त्या अर्ध्या तासात बिघडू शकतं.

हे टाळता येतं, कारण या गाडीत लपवलेलं काहीच नाही. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, नाकाला कळतं. फक्त पाहण्याचा क्रम चुकवायचा नाही.

गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिथे आधी अमेरिकी गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. नावं बदलली, पण आतली रचना फारशी बदलली नाही: १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला जोडलेला गिअर. शतक संपता संपता उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. टॅक्सी हजारोंनी धावत होत्या तोवर हिचा कोणताही भाग आणि हिला ओळखणारा मिस्त्री जवळच्या नाक्यावर मिळत असे. आता भागासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो, आणि मिस्त्री शोधणं त्याहून अवघड. म्हणून मालकालाच थोडं शिकून घेणं भाग आहे.

सुरुवात किल्लीने करायची नाही. आधी एअर फिल्टर उघडून पाहायचा. उभ्या गाडीत उंदरांना घर करायला याच्याइतकी निवाऱ्याची जागा दुसरी नसते. चिंध्या आणि कापूस आत निघाला तर वायरीही कुरतडलेल्या असणार, हे धरून चालावं. मग ऑइलची पट्टी काढून ऑइल पाहायचं आणि त्याचा वास घ्यायचा. पातळी वर चढलेली आणि पेट्रोलचा वास येतोय, असं झालं तर पेट्रोल पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलेला असण्याची दाट शक्यता. हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. अशा पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन फिरवलं तर बेअरिंगं जातात. ऑइल कसंही दिसलं तरी ते बदलावंच, असं माझं मत आहे. नव्या ऑइलचा खर्च इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

पुढचा प्रश्न: इंजिन हाताने फिरतं का? अनेक पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरतात. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे पातळ ऑइल सोडायचं आणि एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावून, मागचं एक चाक जॅकवर उचलून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून ते चाक हाताने फिरवायचं. चाकाच्या एका फेरीत इंजिनाच्या साधारण दोन फेऱ्या होतात. सहज फिरलं तर मोठं संकट टळलं. अडकलं तर जोर करायचा नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा वाट पाहणं. आठवडा लागला तरी चालेल. जोर करून तुटलेली रिंग इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही.

क्लच पेडल दाबूनही चाक इंजिनाला धरूनच राहत असेल, तर क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्याने काही दिवस तसंच अडकवून ठेवलं, की पुष्कळदा ती सुटते.

आता वीज. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी. पण नवी बॅटरी टाकूनही सेल्फ मरगळलेला वाटला, तर दोष बहुधा तिच्यात नसून टर्मिनलवर आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीत असतो. गंज घासून, बोल्ट आवळून पाहिल्याशिवाय सेल्फ मोटर उतरवू नये. आणि सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही. मधे मिनिटभर त्याला थंड होऊ द्यायचं.

सेल्फ जोरात फिरतो, तरी गाडी धरत नाही. इथे दोनच वाटा उरतात: करंट नाही किंवा पेट्रोल नाही. प्लग बाहेर काढून, कॉर्डला लावून, बॉडीला टेकवून पाहायचा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असली किंवा मुळीच नसली, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडावं. माझ्या अनुभवात उभ्या फियाटचं दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आत दोन छोटे धातूचे ठिपके एकमेकांना भिडतात आणि सुटतात. ते कॉन्टॅक्ट पॉइंट. भिडलेले असताना कॉइलच्या एका वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट सुटले की ते क्षेत्र क्षणात कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगपर्यंत जातात. सगळी ठिणगी प्रवाह तुटण्यावर अवलंबून आहे. पण तुटण्यासाठी तो आधी वाहायला हवा. गाडी उभी राहिली की दमट हवेत, विशेषतः समुद्राजवळ, या ठिपक्यांवर ऑक्साइडचा इतका पातळ थर बसतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तेवढ्याने प्रवाह वाहत नाही, आणि कॉइल, प्लग, कॉर्ड सगळं नवं घातलं तरी करंट येत नाही. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा पॉइंटमध्ये घालून तीनचार वेळा ओढायचा, मग स्वच्छ कोऱ्या कागदाने धूळ पुसायची आणि गॅप अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ठेवायची. काम पाच मिनिटांचं आहे. ठिणगी तरीही पिवळीच राहिली, तर शेजारचा कंडेन्सर बदलून पाहावा.

करंट आला, आता पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरण्याचा मोह नको. उग्र, वार्निशसारखा वास आला म्हणजे त्यात राळ तयार झाली आहे. पूर्वी एवढाच त्रास होता. आता इथेनॉलही आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते मिश्रण पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं. तिथला गंज वाढतो, सुटलेला कचरा पुढे पाइपात जातो. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलपुढे टिकत नाहीत. वालचंदांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना उभा केला आणि पुढच्या दशकात मोटारीची कंपनी काढली. त्यांच्या मोटारीला आज उसाचंही इथेनॉल सोसावं लागतं आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो, याचा मला आनंदच आहे. मात्र या इंधनाला चालतील असे पाइप आणि पडदा बसवल्याशिवाय जुनी गाडी रस्त्यावर काढू नये, आणि पुन्हा महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर टाकी त्याच पेट्रोलने भरून ठेवू नये.

पहिल्यांदा चालू करताना टाकीच बाजूला ठेवावी. वर टांगलेल्या स्वच्छ बाटलीतून नळीने कार्बोरेटरला ताजं पेट्रोल द्यावं. उघड्या कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची जी पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते, ती धोक्याची आहे. बॅकफायर झाला तर आग थेट हातावर येते. अग्निशामक सिलिंडर जवळ हवाच.

चोक ओढल्यावर गाडी चालू होते आणि चोक आत सारताच बंद पडते? कार्बोरेटर स्वतःच उत्तर देतो आहे. बाऊलमधलं पेट्रोल उडून गेलं, मागे पिवळट राळ राहिली आणि सगळ्यांत बारीक भोकाचा आयडलिंग जेट आधी बुजला. जेट काढून हवेने फुंकून साफ करावा. तार घालू नये. जेट पितळेचा असतो, भोक केसभर मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

इंजिन धरलं की पहिली काही मिनिटं निळा धूर येईल. सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळतंय, घाबरायचं नाही. ऑइलचा लाल दिवा मात्र काही सेकंदांत विझला पाहिजे; नाही विझला तर लगेच बंद करावं. आणि या आनंदात फाटकाबाहेर पडण्याआधी ब्रेक पाहावेत. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. आज घट्ट वाटणारं पेडल उद्या चौकात खाली जाऊ शकतं. चारही ड्रम उघडून, सिलिंडरची रबरं आणि ऑइल बदलूनच गाडी बाहेर काढावी. पहिली फेरी लांबची नको, पण इंजिन पूर्ण तापेल इतकी, पंधरा-वीस किलोमीटरची हवी. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून बंद केलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणीच साठतं.

दुसऱ्या दिवशी प्लग पुन्हा काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर कार्बोरेटर बरोबर बसला आहे. काळं, काजळलेलं असेल तर पेट्रोल जास्त येतंय, आणि पांढरं पडलं असेल तर कमी.